न्योर्डलिंगन : उल्काविवराच्या तळाशी वसलेले शहर

जर्मनीतील बव्हेरिया राज्यात असलेल्या न्योर्डलिंगनचा मध्ययुगीन तट आजही अखंड उभा आहे आणि त्यावरच्या छपराखालील वाटेने शहराला सुमारे २.७ किलोमीटरची प्रदक्षिणा घालता येते. हवाई छायाचित्रात हा तट गोल दिसतो, त्यामुळे तो उल्काविवराच्याच कडेवर बांधला असावा, असा समज सहज होतो. पण तो खरा नाही. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी उल्कापाताने घडलेले रीस विवर जवळपास २४ किलोमीटर रुंद असून सबंध शहर त्याच्या पोटात मावले आहे. आपल्या लोणारचा व्यास दोन किलोमीटरही भरत नाही. तटाचे कारण साधे होते : जुन्या वेशीबाहेर वाढलेली वस्ती आत घेण्याचा आदेश राजा लुडविग याने १३२७ मध्ये दिला होता.

संत जॉर्जच्या चर्चचा ९० मीटर उंच मनोरा येथे ‘डॅनिएल’ म्हणून ओळखला जातो. त्याच्या भिंतीजवळ उभे राहून पाहिले, की करड्या दगडात अडकलेले काळपट काचेचे तुकडे स्पष्ट दिसतात. स्युव्हाइट नावाचा हा दगड ज्वालामुखीतून आला, अशीच अभ्यासकांची दीर्घकाळ धारणा होती. १९६० मध्ये यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ यांना रीसच्या दगडात कोएसाइट, म्हणजे प्रचंड दाबाखाली तयार होणारे क्वार्ट्झचे रूप, सापडले आणि तो वाद उल्केच्या बाजूने निकाली निघाला. गवंड्यांनी मात्र पाचशे वर्षांपूर्वीच तो दगड हाताशी आहे म्हणून बिनदिक्कत वापरला होता.

याच मनोऱ्यावरून पहारेकरी रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासाने ‘सो, ग्सेल, सो’ (‘असं, गड्या, असं’) अशी आरोळी देतो. १४४० मध्ये फितुरीने उघडी ठेवलेली वेस एका डुकरामुळे लक्षात आली, अशी दंतकथा तिच्यामागे सांगतात. खरी असो वा नसो, ती सांगताना गावकऱ्यांची कळी खुलते.

सप्टेंबर १६३४ मध्ये, तीस वर्षांच्या युद्धात, शहराजवळ स्वीडिश फौजेचा दारुण पराभव झाला. त्यानंतर, १२१९ पासून नोंद असलेल्या जत्रेवर पोसलेला येथील व्यापार ओसरला, आणि जुनी घरे पाडून नवी बांधण्याची ऐपत उरली नाही, म्हणूनच ती टिकली असे म्हणावे लागते.

१९७० मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर उल्काघाताचे खडक ओळखण्याचा सराव करण्यासाठी येथे आले होते. १५०३ मधील धान्यकोठारात थाटलेल्या विवर-संग्रहालयात आज अपोलो १६ ने आणलेला चंद्रावरील खडक पाहायला मिळतो.