डोळ्यांतून पाणी, तरी डोळे कोरडे

श्रोतेहो, नमस्कार. डोळ्यांना सारखं पाणी येतं म्हणून दवाखान्यात येणाऱ्या पुष्कळांचे डोळे खरं तर कोरडे असतात. पुन्हा सांगते, पाणी येतं आणि तरी डोळे कोरडे असतात.

साताऱ्याकडच्या एक आजी होत्या. पदर कायम डोळ्यांना. आळीत कुजबुज सुरू झाली, सून छळते म्हणून! शेवटी सूनच त्यांना घेऊन आली. खुर्चीत टेकण्याआधी म्हणाली, "डॉक्टर, काय असेल ते कागदावर लिहून द्या, शेजारणींना दाखवते." आजी कळवळल्या. "अहो, अशी सून मिळायला पुण्याई लागते. पण हे डोळे ऐकत नाहीत त्याला मी काय करू?"

सकाळी पापण्या चिकटतात, वाऱ्यात खुपतं, टीव्ही बघताना चुरचुरतं, असं त्यांनी सांगितलं. मी डोळ्यात पिवळा रंग लावून निळ्या उजेडात पाहिलं. पापणी उघडल्यावर अश्रूंचा थर निदान १० सेकंद टिकायला हवा. आजींचा तिसऱ्या-चौथ्या सेकंदालाच फाटत होता. मग खालच्या पापणीत कागदाची पट्टी ५ मिनिटं ठेवली. ती चांगली भिजली. म्हणजे पाणी भरपूर होतं, कमी होतं ते तेल.

वरच्या पापणीत २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० बारीक तेलग्रंथी असतात. त्यांचं तेल अश्रूंवर पसरतं, म्हणून अश्रू उडून जात नाहीत. तेल अडलं की डोळा वाळतो, झोंबतो, आणि मग पाण्याचा लोंढा येतो. तो गालावर ओघळतो, डोळ्यात टिकत नाही.

आजींच्या पापणीची कड हलकेच दाबली. पातळ, नितळ तेल यायला हवं, तिथे घट्ट पिवळट काहीतरी आलं. सुनेला पडद्यावर दाखवलं. ती पटकन म्हणाली, "थंडीत खोबरेल थिजतं तसं झालंय की! बाटली गरम पाण्यात ठेवायची, दुसरं काय?"

उपचार तिनंच सांगितला! सोसेल इतक्या कोमट पाण्यात फडकं पिळून मिटलेल्या डोळ्यांवर ५ ते १० मिनिटं ठेवायचं, निवलं की परत बुडवायचं. मग वरची पापणी खाली आणि खालची पापणी वर, केसांच्या दिशेनं हलक्या बोटानं चोळायची आणि कड पुसून घ्यायची. दिवसातून दोनदा, काही आठवडे. लक्षात ठेवा, आधी शेक, मग चोळणं, मग पुसणं. सोबत मी प्रिझर्वेटिव्ह, म्हणजे औषध टिकवायचं रसायन, नसलेले डोळे ओले ठेवणारे थेंब दिले. काही आठवड्यांनी आजी आल्या त्या शेजारणीला घेऊन. तिचेही डोळे चुरचुरत होते!

पुसायला पदर नको, स्वच्छ रुमाल घ्या. शाळेत पोरांच्या छातीवर पिनेनं रुमाल लावायची पद्धत गेली ती फार वाईट झालं, परत आणायला हवी. आणि पंखा तोंडावर घेऊन झोपू नका. मोबाईल बघताना मुद्दाम पापण्या मिटा, पूर्ण मिटा.

मेडिकलमधून मनानं थेंब आणू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर काचबिंदूची भीती असते. शेकानं भागलं नाही तर गोळ्या आहेत, पण त्या डॉक्टरांनीच द्यायच्या. गरोदर बायकांना त्यातल्या काही चालत नाहीत. डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, दिसायला कमी झालं असेल, तर शेकत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. रक्त तपासावं लागतं.