मोजायचं कुठून?

[तक्ता, पूर्ण चौकट]

हा तक्ता १८४२ सालचा, बॉस्टनमध्ये छापलेला. वर उभा आहे तो बाबेलच्या राजाला स्वप्नात दिसलेला पुतळा. सोन्याचं डोकं, रुप्याची छाती, पितळेच्या मांड्या, लोखंडाचे पाय. मग सिंह, अस्वल, चित्ता आणि दहा शिंगांचं ते चौथं श्वापद. प्रत्येक श्वापद म्हणजे एक साम्राज्य. या चित्रांच्या गर्दीतून आकडे खाली उतरत येतात आणि १८४३ वर थांबतात. ख्रिस्त परत येणार, ते हे साल.

तक्ता चार्ल्स फिच आणि अपोलोस हेल या उपदेशकांनी तयार केला. गणित मात्र एका शेतकऱ्याचं.

[लो हॅम्प्टन : घर, मग प्रार्थनामंदिर]

न्यूयॉर्क राज्यातलं लो हॅम्प्टन. हे विल्यम मिलर यांचं घर. १८१२ च्या युद्धात ते कॅप्टन होते. तरुणपणी बायबलला देवाचं वचन मानत नसत. पुढे विश्वास बसला, तेव्हा जुन्या मित्रांनी त्यातल्या विसंगतींवरून छेडलं, आणि मिलर थेट उत्पत्तीच्या पहिल्या वचनापासून वाचायला बसले. हाताशी क्रूडनची शब्दसूची. एखादा शब्द अडला की तो जिथे जिथे आलाय ती सगळी वचनं काढायची, शेजारी शेजारी ठेवायची, आणि अर्थ लागला तरच पुढे जायचं. १८१८ पर्यंत त्यांचं उत्तर तयार होतं.

[तक्ता, आकडे जवळून]

बायबलमधलं दानीएलचं पुस्तक, अध्याय आठ, वचन चौदा. दोन हजार तीनशे दिवस, त्यानंतर पवित्रस्थान शुद्ध होईल. हे शुद्ध होणं म्हणजेच ख्रिस्ताचं येणं, असं मिलर मानत. मिलर यांनी एका दिवसाचं एक वर्ष धरलं. हे त्यांच्या मनचं नव्हे. गणना आणि यहेज्केल या दोन्ही पुस्तकांत एका दिवसाला एक वर्ष असं माप आहे, आणि आयझॅक न्यूटनही भविष्यवाणी याच मापानं मोजत.

पण मोजायचं कुठून? मिलर यांनी इ.स.पू. ४५७ धरलं. पर्शियाचा राजा अर्तहशश्त यानं एज्राला यरुशलेमला पाठवलं ते साल. दानीएलच्या नवव्या अध्यायातली सत्तर सप्तकं, म्हणजे ४९० वर्षं, इथूनच सुरू होऊन ख्रिस्ताच्या वधस्तंभापाशी, इ.स. ३३ मध्ये संपतात, असा त्यांचा हिशेब. २३०० मधून ४९० गेले, उरले १८१०. त्यात ३३ मिळवा. १८४३.

आता बाकीचे आकडे पाहा. यहूदाचा राजा मनश्शे कैदेत गेला ते साल त्यांनी इ.स.पू. ६७७ धरलं. तिथून २५२० वर्षं, पुन्हा १८४३. दानीएलच्या बाराव्या अध्यायातले १३३५ दिवस इ.स. ५०८ पासून मोजले, तरी १८४३. हसण्याआधी ही बेरीज-वजाबाकी एकदा कागदावर करून बघावी. तीन वाटा एकाच मुक्कामाला पोचलेल्या पाहून भल्याभल्यांचा विश्वास का बसला, ते कळतं.

विरोध पहिल्यापासून होता. अँडोव्हरचे प्राध्यापक मोझेस स्टुअर्ट यांना दिवसाचं वर्ष करणंच मान्य नव्हतं. बाकीचे मत्तय २४:३६ वर बोट ठेवत : तो दिवस आणि ती घटका पित्यावाचून कोणालाच ठाऊक नाही. यावर मिलर यांच्या लोकांचं उत्तर तयार असे. दिवस आणि घटका म्हटलंय, वर्ष कुठे म्हटलंय?

मार्च १८४४ मध्ये ठरवलेलं वर्ष सरलं. मग लक्षात आलं की इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य नाही. एक वर्ष वाढलं. ऑगस्टमध्ये त्यांच्यातल्याच सॅम्युएल स्नो यांनी सातव्या महिन्याचा दहावा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस, पुढे केला. कराइट या यहुदी पंथाच्या पंचांगाप्रमाणे तो २२ ऑक्टोबरला येत होता. म्हणजे आता दिवसही सांगून झाला, आणि ते जुनं उत्तरही हातचं गेलं.

[प्रार्थनामंदिरामागचा सपाट खडक]

त्या दिवशी मंडळी या खडकावर जमली, असं परंपरा सांगते. पांढरे झगे घालून जमली, ही मात्र टिंगल करणाऱ्यांची भर. काहींनी पीक शेतातच सोडलं होतं. २३ तारीख उजाडली.

[रोम, टायटसची कमान]

ही सात फाट्यांची समई यरुशलेमच्या मंदिरातली. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्यानं ते जाळलं. या भविष्यवाण्या वाचणाऱ्यांतला एक पक्ष म्हणतो, 'ही पिढी' सरण्याआधी सारं घडेल असं येशू म्हणाला, ते हेच. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातलं बहुतेक सारं घडून गेलंय. दुसरा पक्ष दानीएलचं सत्तरावं सप्तक वेगळं काढतो आणि ती सात वर्षं अजून यायची आहेत म्हणतो. तिसऱ्याच्या मते हे आकडे खुणा आहेत, मोजमाप नव्हे. तिघांच्या हातात पुस्तक एकच.

[पुन्हा तक्ता, २५२० हा आकडा]

हा आकडा पुढेही चालला. पुढच्या पिढीतले उपदेशक चार्ल्स टेझ रसेल यांनी तो वेगळ्या सालापासून मोजला आणि १९१४ काढलं. कॅलिफोर्नियातले रेडिओ उपदेशक हॅरल्ड कॅम्पिंग यांची बेरीज आणखी निराळी होती. ती २१ मे २०११ ला आली, मग त्याच वर्षीच्या ऑक्टोबरला. मार्च २०१२ मध्ये त्यांनी श्रोत्यांना पत्र लिहिलं : तारीख सांगणं हे पाप होतं, आणि मत्तय २४:३६ दाखवणाऱ्यांचंच बरोबर होतं.