एका निवडणुकीतून स्पॅनिश

नमस्कार मंडळी. आज स्पॅनिश शिकणाऱ्यांशी बोलायचंय, त्यातही ज्यांना बातम्यांमधे निवडणूक आणि सरकार सुरू झालं की काहीच कळेनासं होतं त्यांच्याशी. मी पुण्यात स्पॅनिश शिकवते, आणि मुलं हमखास एक यादी घेऊन येतात, मत म्हणजे बोतो, मतपेटी म्हणजे ऊर्ना, खासदार म्हणजे दिपुतादो, पाठ करतात, परीक्षेत मार्कही मिळतात, आणि मग माद्रिदचा रेडिओ लावला की पाच मिनिटांत हरवतात. कारण यादीत शब्द असतात, पण तिथली निवडणूक चालते कशी ते नसतं. म्हणून मी सांगते, यादी ठेवा बाजूला, एक देश घ्या, त्याची एकच निवडणूक घ्या, आणि प्रचारापासून सरकार बनेपर्यंत तिच्या मागे मागे जा.

मी नेहमी स्पेनची 23 जुलै 2023 ची घेते. तिकडचे लोक तिला नुसतं 23-J, बेइन्तित्रेस होता, म्हणतात, तारीख आणि महिन्याचं पहिलं अक्षर, बस्स (J या अक्षराचं स्पॅनिश नाव होता).

आदल्या दिवशी प्रचार बंद, त्या दिवसाला म्हणतात दीया दे रेफ्लेक्सिओन, विचार करायचा दिवस. आपल्याकडे प्रचार मतदान संपायच्या 48 तास आधी थांबतो, तिथे हा एक पूर्ण दिवस. मग रविवारी सकाळी 9 ते रात्री 8 मतदान. मतदान केंद्र म्हणजे कोलेहिओ एलेक्तोराल, बऱ्याचदा ते खरंच शाळेत असतं, आणि आत जी टेबलं मांडलेली असतात ती मेसा एलेक्तोराल. आता हे नीट ऐका, त्या मेसावर सरकारी कर्मचारी बसत नाहीत, साधे मतदार बसतात, एक प्रेसिदेन्ते म्हणजे टेबलाचा प्रमुख आणि दोन बोकालेस म्हणजे सदस्य, आणि त्यांची निवड होते सोर्तेओ काढून, म्हणजे चिठ्ठ्या टाकतो तसं. नाव आलं की जावंच लागतं, सबळ कारण नसताना गेलं नाही तर तो गुन्हा आहे. 2023 ला मतदान भर उन्हाळी सुट्टीत आलं, त्यामुळे ऐन सुट्टीत मेसावर बसावं लागणार म्हणून कितीतरी लोक वैतागले होते, आणि 24 लाखांहून जास्त लोकांनी बोतो पोर कोरेओ, म्हणजे पोस्टाने मत दिलं. एवढं माहीत असलं की त्या आठवड्यातल्या निम्म्या बातम्या कळायला लागतात.

मतपत्रिका म्हणजे पापेलेता. आपल्यासारखं मशीन नाही, आणि सगळी नावं एका कागदावर पण नाहीत, खालच्या सभागृहासाठी प्रत्येक पक्षाची वेगळी पांढरी पापेलेता असते, आपल्या पक्षाची उचलायची, सोब्रे म्हणजे पाकिटात घालायची आणि पाकीट ऊर्नात. नावांची यादी पक्षाने ठरवलेली, त्यात खाडाखोड केली तर मत बाद, बोतो नूलो. पण रिकामं पाकीट टाकलं तर तो बोतो एन ब्लांको आणि तो वैध धरतात, साधारण आपल्या ‘नोटा’च्या पर्यायासारखा, फक्त तिथे जागा मिळायला त्या मतदारसंघात किमान 3 टक्के मतं लागतात आणि तो हिशोब करताना हे ब्लांकोसुद्धा मोजले जातात. सेनादो, म्हणजे वरचं सभागृह, त्याची पापेलेता वेगळी, सेपिया रंगाची, तिच्यावर मात्र उमेदवारांच्या नावापुढे फुल्या मारायच्या.

संध्याकाळी मतमोजणी सुरू, एस्क्रुतीनियो, आणि रेडिओवर सारखा एकच शब्द, एस्कान्योस, एस्कान्योस. एस्कान्यो म्हणजे सभागृहातली जागा. कोंग्रेसोत, म्हणजे खालच्या सभागृहात, 350 एस्कान्योस आहेत, बहुमताला 176, आणि हा 176 स्पॅनिशमधे न अडखळता म्हणता आला पाहिजे, सिएन्तो सेतेन्ता ई सेइस, कारण पुढचे चार महिने तोच ऐकायचाय. निकाल काय लागला, पेपे (PP, पार्तीदो पोपुलार) पक्षाला 137, सोशालिस्टांना 121, बोक्स पक्षाला 33, सुमार पक्षाला 31, बाकी छोट्या आणि प्रादेशिक पक्षांना. त्या रात्री खरं तर 136 आणि 122 होते, नंतर परदेशातल्या मतदारांची मतं मोजली आणि माद्रिदमधली एक जागा फिरली. बहुमत कुणालाच नाही.

इथून सरकारचे शब्द सुरू होतात आणि मला हा भाग सगळ्यात आवडतो. सोशालिस्ट नेते पेद्रो सांचेस यांचं आधीचं सरकार एन फुन्सिओनेस झालं, काळजीवाहू. राजा फेलिपे सहावे यांनी पक्षनेत्यांना बोलावून रोंदा दे कोन्सुल्तास केली आणि पेपेचे नेते आल्बेर्तो नुन्येस फेइहो यांचं नाव सुचवलं. आता सभागृहाने या उमेदवारावर विश्वास दाखवायचा, ती इन्वेस्तिदुरा. पहिल्या फेरीत मायोरिया आब्सोलुता लागते, म्हणजे तेच 176, नाही मिळाले तर 48 तासांनी पुन्हा मतदान आणि तेव्हा मायोरिया सिंप्ले पुरते, नो पेक्षा सी जास्त झाले की झालं. दोन्ही वेळा हरले तर पहिल्या मतदानापासून दोन महिने मिळतात, तेवढ्यात कुणीच जमवलं नाही तर संसद बरखास्त आणि परत निवडणूक, 2019 मधे एप्रिलनंतर नोव्हेंबरला पुन्हा मतदान झालं ते यामुळेच. फेइहो सप्टेंबरमधे दोन्हीदा हरले, आणि 16 नोव्हेंबरला सांचेस 179 मतांनी पहिल्याच फेरीत निवडून आले.

इथे मुलांचा एक घोटाळा होतोच होतो. बातमीत प्रेसिदेन्ते आलं की ते राष्ट्रपती लिहून मोकळे होतात. अरे, स्पेनमधे राष्ट्रपती नाहीच, राजा आहे. प्रेसिदेन्ते देल गोबिएर्नो म्हणजे पंतप्रधान, प्रेसिदेन्ता देल कोंग्रेसो म्हणजे सभापती, कातालुन्यासारख्या स्वायत्त प्रांताचा प्रमुख तोही प्रेसिदेन्ते, आणि मघाशी मेसावर चिठ्ठीने बसला तोही प्रेसिदेन्ते! त्यामुळे पुढचा देल काय सांगतोय ते ऐकायचं, नुसत्या प्रेसिदेन्तेवर थांबायचं नाही.

एक देश पक्का झाला की मगच दुसऱ्याकडे जा, आणि तिथे शब्द बदलतात याची तयारी ठेवा. मेक्सिकोत मतदान केंद्र कासिया आणि मतपत्रिका बोलेता, पेरूमधे मतपेटीला आन्फोरा म्हणतात, कोलंबियात मतपत्रिका म्हणजे तार्खेतोन. स्पेनमधे निवडणुकीच्या बातमीत सेन्सो म्हणजे मतदारयादी, जनगणना नव्हे, आणि पाद्रोन म्हणजे महापालिकेकडची रहिवाशांची नोंद, पण मेक्सिकोत पाद्रोन एलेक्तोराल म्हटलं की ते मतदारांबद्दलच. पक्षाचा पोलिंग एजंट स्पेनमधे इन्तेर्बेन्तोर, पेरूत पेर्सोनेरो, कोलंबियात तेस्तीगो, अर्जेंटिनात फिस्काल, आणि हाच फिस्काल स्पेनमधे सरकारी वकील असतो. आणि मेक्सिकोत इन्वेस्तिदुराची ही भानगडच नाही, लोक थेट प्रेसिदेन्ते निवडतात आणि ते पद खरंच राष्ट्रपतीचं, सहा वर्षं, म्हणून सेक्सेनिओ, आणि एकदा झालं की पुन्हा उभं राहता येत नाही. 2024 च्या जूनमधे क्लाउदिया शेइनबाउम निवडून आल्या, तिथल्या पहिल्या प्रेसिदेन्ता, म्हणजे पहिल्या महिला राष्ट्रपती. अर्जेंटिनात पहिल्या फेरीत 45 टक्क्यांहून जास्त मिळाले, किंवा किमान 40 टक्के आणि दुसऱ्यापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त आघाडी असली की जिंकलात, नाहीतर दुसरी फेरी, बालोताखे, चिलीत तिला सेगुन्दा बुएल्ता म्हणतील.

आता सरावाचं सांगते, आणि हे कराच. फेइहो यांच्या इन्वेस्तिदुराच्या मतदानाचं रेकॉर्डिंग इंटरनेटवर शोधा. तिथे बटण दाबत नाहीत, एकेका दिपुतादोचं नाव पुकारतात, तो उभा राहतो आणि सी (हो), नो (नाही) किंवा आब्स्तेन्सिओन (तटस्थ) म्हणतो, साडेतीनशे वेळा. स्पॅनिश आडनावं कानावर बसवायला याच्यासारखं दुसरं काही मला सापडलेलं नाही. वही घ्या, तीन रकाने आखा आणि ऐकत ऐकत खुणा करा. 29 सप्टेंबरचं दुसरं मतदान लावलंत तर शेवटी 172 सी आणि 177 नो यायला हवेत, आणि एक मत नूलो, कारण कातालुन्यातल्या खुंत्स पक्षाच्या एका खासदाराच्या तोंडून आधी सी निघून गेलं आणि मग त्याने घाईघाईने नो म्हटलं. ती जागा तुमच्या कानाने पकडली की नाही, मला नक्की कळवा.