कोडाईकनालची माती आणि 20 मिलिग्रॅमचा प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार.

थर्मामीटर हातातून निसटून फुटला की पाऱ्याचे थेंब फरशीवर सैरावैरा पळतात आणि धरू जावे तसे अधिकच बारीक होतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तमिळनाडूतील कोडाईकनालच्या डोंगरावर हाच पारा एका थर्मामीटर कारखान्याच्या जमिनीत मुरला. अमेरिकेतून आलेला हा कारखाना पुढे हिंदुस्तान लिव्हरकडे गेला. 2001 च्या मार्चमध्ये गावातील भंगाराच्या आवारात पारा लागलेली फुटकी काच सापडली, लोक रस्त्यावर उतरले आणि कारखाना बंद झाला. 2003 मध्ये सुमारे 290 टन पारायुक्त कचरा अमेरिकेला परत पाठवण्यात आला. माती मात्र जागेवरच राहिली.

पारा हे मूलद्रव्य असल्यामुळे तो जाळून संपत नाही आणि जिवाणूही त्याला मोडून निरुपद्रवी करू शकत नाहीत. तो मातीतून वेगळा काढावा लागतो. आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचा या कामाच्या आखणीत मोठा वाटा आहे. माती खणून पाण्याने धुवायची, खडे व जाड वाळू बाजूला काढायची, आणि पारा ज्यांना घट्ट धरून बसतो ते बारीक कण निर्वात भट्टीत तापवून, निघालेली वाफ थंड करून पारा गोळा करायचा, अशी ही रीत आहे.

वाद पेटला तो आकड्यावरून. किलोभर मातीत 20 मिलिग्रॅमपर्यंत पारा राहिला तरी चालेल, असे ठरले. कार्यकर्त्यांनी याहून कितीतरी कडक मर्यादा मागितली. अधिक खणल्यास झाडे जातील, उताराची धूप होईल आणि गाळाबरोबर पाराच खाली वाहील, हा प्रतिवाद मला पोकळ वाटत नाही. तरीही 20 हा आकडा माणसाच्या राहत्या जागेच्या हिशेबाने आलेला आहे, आणि या आवाराखाली तर पांबर शोलाचे जंगल व ओढा आहे. ओढ्याच्या गाळातील सूक्ष्मजीव पाऱ्याचे मिथाइल मर्क्युरी हे अतिशय विषारी संयुग बनवतात, ते माशांत साठत जाते आणि मासे खाणाऱ्यांपर्यंत पोहोचते. त्यामुळे कुंपणाआतील मातीची चाचणी उत्तीर्ण झाली, एवढ्यावर काम पुरे झाले असे मला म्हणवत नाही. ओढ्याचा गाळ आणि मासे पुढील अनेक वर्षे तपासले जावेत आणि ते निष्कर्ष कोडाईकनालच्या रहिवाशांना तमिळमध्ये वाचायला मिळावेत.