जोर कोणाचा? श्वसनस्नायूंच्या प्रशिक्षणात श्वासपटलाची सोनोग्राफी

(दृश्य : मुखनळीतून श्वास ओढणारी व्यक्ती, कॅमेरा मानेजवळ)

नाकाला चिमटा लावलेला आहे आणि ओठांत मुखनळी घट्ट धरलेली आहे. या छोट्या उपकरणात स्प्रिंगची झडप असते आणि ठरलेल्या दाबाने श्वास ओढल्याशिवाय ती उघडत नाही. सुरुवातीला झडपेचा भार सामान्यतः त्या व्यक्तीच्या श्वास ओढण्याच्या कमाल दाबाच्या 30 टक्क्यांच्या आसपास ठेवतात आणि पुढे तो हळूहळू वाढवत नेतात. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी 30 श्वास, ही बरीच रुळलेली पद्धत आहे. कॅमेरा मानेपाशी ठेवला आहे तो मुद्दाम. प्रत्येक श्वासाला मानेचे स्नायू दोरीसारखे ताठ होतात आणि खांदे वर उचलले जातात. झडप उघडते आहे, म्हणजे भार पेलला गेला, अशी नोंद होईल. तो श्वासपटलाने पेलला की मानेने, हे मात्र त्या नोंदीवरून कोणालाही सांगता येणार नाही.

छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा ताणलेला श्वासपटल हा स्नायू शांत श्वसनाचे बहुतेक काम एकटा करतो. मानेतील तिसऱ्या ते पाचव्या मज्जामुळांतून निघणाऱ्या फ्रेनिक मज्जातंतूकडून आदेश मिळाला की तो आकुंचन पावतो, घुमट खाली सरकतो, खालच्या बरगड्या बाहेर फाकतात आणि फुफ्फुसांत हवा शिरते. तोंडाशी मोजलेला दाब उपयोगाचा आहे यात वाद नाही, परंतु तो श्वास ओढणाऱ्या सर्व स्नायूंचा मिळून आलेला आकडा असतो आणि मोजणीच्या क्षणी त्या व्यक्तीने किती मनापासून जोर लावला यावरही तो अवलंबून राहतो.

(दृश्य : उजव्या कुशीवर जेल, त्यावर सोनोग्राफीचा सरळ प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारे हातातले उपकरण)

आता व्यक्ती पाठीला आधार घेऊन अर्धवट रेलून बसली आहे. काखेच्या पुढच्या आणि मधल्या रेषांच्या दरम्यान, आठव्या ते दहाव्या बरगड्यांच्या पट्ट्यात एका फटीवर उच्च वारंवारतेचा प्रोब त्वचेला काटकोनात टेकवला जातो. या ठिकाणी श्वासपटल छातीच्या भिंतीला आतून चिकटून उभे असते, त्यामुळे त्वचेपासून ते फारसे खोल नसते. पडद्यावर दोन चमकदार समांतर रेषा दिसत आहेत. वरची फुफ्फुसाच्या आवरणाची, खालची उदराच्या आवरणाची, आणि दोहोंमधला काळसर पट्टा म्हणजे खुद्द स्नायू. श्वास आत जाताना फुफ्फुसाची कड पडद्यासारखी सरकत येऊन चित्र झाकू लागली, तर प्रोब एक फट खाली न्यावा लागतो.

सहज श्वास सोडून झाल्यावर चित्र गोठवून पहिले माप घेतले जाते आणि पूर्ण श्वास भरल्यावर दुसरे. समजा, पहिली जाडी 1.8 मिलिमीटर आणि दुसरी 2.7 मिलिमीटर आली, तर फरक 0.9 मिलिमीटर, म्हणजे मूळ जाडीच्या 50 टक्के. हेच जाडीवाढीचे प्रमाण. पूर्ण श्वासालाही ते 20 टक्क्यांपर्यंत पोहोचत नसेल, तर स्नायू दुबळा किंवा लुळा असल्याची शंका घेतली जाते. इतक्या पातळ पट्ट्यावर मोजणीची खूण चमकदार रेषेच्या आत ठेवली की बाहेर, एवढ्यानेही उत्तर बदलते. प्रोब तिरका झाला तर स्नायू उगीचच जाड दिसतो. म्हणूनच त्वचेवर शाईने खूण केली जात आहे, जेणेकरून पुढच्या वेळी प्रोब त्याच जागी टेकेल. एका श्वासावर विसंबून न राहता काही श्वासांची सरासरी घेतली जाते.

(दृश्य : बरगड्यांखाली वक्र प्रोब, पडद्यावर लाटांची रेघ)

दुसरे माप हालचालीचे. कमी वारंवारतेचा वक्र प्रोब उजव्या बरगड्यांच्या कडेखाली ठेवून यकृताच्या खिडकीतून, म्हणजे ध्वनिलहरी यकृतामधून पाठवून, घुमट पाहिला जातो आणि एम-मोडमध्ये, म्हणजे एकाच रेषेवरील हालचाल काळानुसार दाखवणाऱ्या चित्रणात, त्याचा वरखाली प्रवास लाटेच्या रूपात उमटतो. निरोगी प्रौढात शांत श्वासाला हा पल्ला साधारण दीड ते दोन सेंटिमीटर असतो आणि खोल श्वासाला त्याच्या कितीतरी पट होतो. झटकन नाकाने हुंगल्यावर लाट उलट दिशेने गेली, तर त्या बाजूचा स्नायू काम करत नसून नुसता ओढला जात आहे असे समजावे. डावीकडे प्लीहेची खिडकी लहान असते आणि जठरातील हवा आड येते, त्यामुळे येथील चित्रण उजव्या बाजूचे आहे.

(दृश्य : मुखनळी पुन्हा तोंडात, पडदा त्या व्यक्तीकडे वळवलेला)

आमच्या मते सोनोग्राफीचा खरा उपयोग या टप्प्यावर सुरू होतो, आणि तपासणीच्या खोलीपुरतेच हे यंत्र ठेवणे ही मोठी गैरसोय आहे. पहिल्या काही श्वासांत झडप उघडते, पण काळा पट्टा जेमतेम जाड होतो. फिजिओथेरपिस्ट भार कमी करतात, खांद्यांवर हलकेच हात ठेवतात आणि खालच्या बरगड्या बाजूला फाकू द्यायला सांगतात. आता व्यक्तीची नजर पडद्यावर आहे. पट्टा प्रत्येक श्वासाला फुगू लागला आहे आणि मान सैल पडली आहे. यानंतर भार पुन्हा वाढवला जातो, तोही पट्टा साथ देईल तेवढाच. भाराविरुद्धच्या श्वासात हवा कमी आत आली तर घुमटाचा पल्लाही आखूड दिसू शकतो. म्हणून शांत, खोल आणि भाराविरुद्धचा असे तिन्ही श्वास वेगवेगळे नोंदवले जातात, आणि श्वासपटलाने किती जोर लावला हे ठरवताना जाडीवाढीकडे अधिक लक्ष दिले जाते.

पहिल्या काही आठवड्यांत दाब वाढला तरी विश्रांतीतील जाडी तेवढीच राहू शकते, कारण सुरुवातीची ताकद बरीचशी मज्जासंस्थेच्या सुधारलेल्या आदेशांतून येते. व्हेंटिलेटरवरील, म्हणजे कृत्रिम श्वसनयंत्रावरील, रुग्णांत मात्र हा स्नायू झपाट्याने बारीक होऊ शकतो: 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 18 ते 69 तास पूर्ण निष्क्रिय राहिलेल्या श्वासपटलांच्या तंतूंचे छेदक्षेत्र तुलनेच्या गटापेक्षा निम्म्याहून कमी आढळले होते. अशा रुग्णाच्या घुमटाची हालचाल यंत्राचा आधार चालू असताना मोजली, तर तिच्यात यंत्राचा वाटाही मिसळलेला असतो. तेव्हा ती मोजणी आधार शक्य तितका कमी करून घ्यावी.