नॅस घेताय? एक भारी नको, दोन साधे घ्या

नमस्कार मंडळी. ऑफिसात आठ-दहा माणसं, एकाच कोटेशनच्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर वेगवेगळ्या प्रती, आणि त्यांची नावं 'फायनल', 'फायनल नवीन', 'हेच फायनल'. शेवटी कुणीतरी वैतागून म्हणतं, सगळं एका जागी आणा बुवा. आणि मग नॅस घ्यायचं ठरतं. नॅस म्हणजे नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज. आत हार्ड डिस्क बसवलेला, ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेला छोटा संगणकच तो. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. फायली सांभाळायच्या आणि ज्याला जेवढ्या दाखवायच्या तेवढ्याच दाखवायच्या, एवढं त्याचं काम.

ठरलं की लगेच प्रश्न येतो, दोन खणांचा, म्हणजे दोन डिस्क बसणारा घेऊ की चार? हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवणार आहे. आधी दोन आकडे कागदावर लिहा.

[स्क्रीनवर: १. नॅस बंद पडला तर काम किती तास थांबलेलं चालेल? २. किती तासांचं काम पुन्हा करावं लागलं तर चालेल?]

पहिल्याचं उत्तर 'दोन दिवस' असेल तर खरेदी वेगळी होते, 'एक तास' असेल तर वेगळी. विकणारा हे विचारत नाही, तो फक्त टीबी किती, म्हणजे जागा किती टेराबाइट, ते विचारतो.

बरं, नॅस लागतोच का, हेही बघा. तुमचं सगळं काम ऑनलाइन डॉक्युमेंटमध्येच चालत असेल, माणसं चार गावांत बसून काम करत असतील, आणि यंत्राकडे बघायला कुणालाच वेळ नसेल, तर घेऊ नका. नॅसला अपडेट लागतात, त्याचे इशारे वाचायला माणूस लागतो. मोठ्या फायली, एका छताखाली बसणारी माणसं आणि लक्ष घालणारं एक डोकं, हे तिन्ही असेल तर नॅससारखी सोय नाही.

आता माझं मत. बजेट जेवढं असेल तेवढ्यात एक भारी नॅस घेण्यापेक्षा दोन साधे घ्या. एक कामाचा, दुसरा त्याच्या बॅकअपचा, आणि जमलं तर तो दुसऱ्या इमारतीत. बहुतेक लोक उलटं करतात. सगळे पैसे एका डब्यात घालतात आणि 'रेड आहे ना, मग काळजी नाही' म्हणून मोकळे होतात.

या रेडबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण सगळा घोटाळा इथेच आहे. १९८८ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक शोधनिबंध लिहिला. महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कचा संच वापरता येईल का, हा त्यांचा विषय. अशा संचाला त्यांनी रेड हे नाव दिलं. पण डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यातली एखादी बिघडण्याची शक्यताही जास्त. म्हणून थोडी जागा राखून ठेवायची, म्हणजे एखादी गेली तरी उरलेल्या डिस्कवरून तिच्यातला डेटा परत उभा करता येतो.

[स्क्रीनवर: ८ टीबीच्या ४ डिस्क. रेड ५: २४ टीबी. रेड ६: १६ टीबी. रेड १०: १६ टीबी.]

रेड १ म्हणजे दोन डिस्क, दोन्हींवर तेच. रेड ५ मध्ये कुठलीही एक डिस्क गेली तर चालते, रेड ६ मध्ये कुठल्याही दोन. रेड १० म्हणजे जोड्या. एका जोडीतली एक गेली तर काही बिघडत नाही, दोन्ही गेल्या तर सगळं गेलं. आणि हो, ८ टीबीची डिस्क विंडोजमध्ये साधारण ७.२८ दिसते. कुणी फसवलेलं नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या.

आता बिघडलेली डिस्क काढून नवी बसवली की संच पुन्हा बांधला जातो. १६ टीबीची डिस्क, वेग सेकंदाला २०० एमबी धरा. ८०,००० सेकंद होतात, म्हणजे बावीस तासांच्या वर. हे नॅसवर दुसरं काहीच काम चालू नसताना. काम चालू ठेवलं तर आणखी वेळ लागतो, आणि तेवढा वेळ उरलेल्या सगळ्या डिस्क सलग वाचल्या जात असतात. रेड ५ मध्ये नेमक्या त्याच वेळी दुसरी डिस्क गेली, तर संपलं. म्हणून मोठ्या डिस्कसाठी मी रेड ५ सुचवत नाही.

पण खरा मुद्दा पुढे आहे. रेड वाचवतं ते फक्त डिस्क बिघडण्यापासून. कुणी फोल्डर उडवलं, तर ते सगळ्या डिस्कवरून त्याच क्षणी इमानदारीत उडतं. रॅन्समवेअरने, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, फायलींना कुलूप घातलं, तर कुलूपबंद फायलीही रेड तितक्याच निष्ठेने जपतं. आग, चोरी, नॅसचा मदरबोर्ड जळणं, यात रेड काहीही करू शकत नाही. डिस्क गेली तरी रेडमुळे ऑफिस चालू राहतं, पण असा उडालेला किंवा अडकलेला डेटा परत मिळत नाही. तुमच्या कागदावरच्या पहिल्या आकड्याला ते थोडी मदत करतं, दुसऱ्याला डिस्क बिघडण्यापलीकडे अजिबात नाही.

दुसऱ्याला मदत करतात ते स्नॅपशॉट. नॅस घेताना एकच गोष्ट विचारायची झाली तर मी हीच विचारेन: बीटीआरएफएस किंवा झेडएफएस आहे का? या फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली मांडायच्या पद्धती. त्यांत फाइल बदलली की जुन्या मजकुरावर नवा लिहिला जात नाही, नवा भाग वेगळ्या जागी लिहिला जातो. त्यामुळे 'आज अकरा वाजता सगळं कसं होतं' याची खूण, म्हणजेच स्नॅपशॉट, काही क्षणांत करून ठेवता येते, आणि जागा लागते ती फक्त बदललेल्या भागापुरती. दर तासाला स्नॅपशॉट लावा. कुणाच्या लॅपटॉपमधून रॅन्समवेअर शेअर्ड फोल्डरमध्ये शिरलं तरी स्नॅपशॉटला ते हात लावू शकत नाही, कारण त्या माणसाला तो अधिकारच दिलेला नसतो. अकराच्या खुणेवर परत जायचं, बस. मात्र काही कंपन्यांच्या अगदी स्वस्त मॉडेलांत ही सोय नसते. तिथे वाचवलेले पैसे पुढे फार महागात पडतात.

हे सगळं ॲडमिनचा पासवर्ड चोराच्या हाती लागला नसेल तोवर. तो लागला तर चोर स्नॅपशॉटही पुसू शकतो. म्हणून दुसरा नॅस. त्याचा पासवर्ड वेगळा ठेवा आणि एक बारकावा सांभाळा: पहिल्याने दुसऱ्याकडे बॅकअप ढकलायचा नाही, दुसऱ्याने पहिल्याकडून तो ओढून घ्यायचा. म्हणजे दुसऱ्याची किल्ली पहिल्याकडे राहतच नाही. आणि फक्त सिंक लावून समाधान मानू नका. सिंक म्हणजे इकडे उडालं की तिकडेही उडालं. जुन्या आवृत्त्या राहिल्या पाहिजेत. शिवाय शक्य असेल तर एखादी प्रत क्लाउडवर किंवा नॅसपासून काढून ठेवलेल्या यूएसबी डिस्कवर.

चोर येतो कुठून? बहुतेक वेळा आपणच दार उघडं टाकलेलं असतं. घरून फायली बघता याव्यात म्हणून राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग केलेलं असतं, म्हणजे इंटरनेटवरून थेट नॅसपर्यंत वाट मोकळी केलेली असते, किंवा राउटरमधल्या यूपीएनपी या सोयीने ते न विचारता परस्पर करून टाकलेलं असतं. २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि २०२२ मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरनी क्यूनॅप या नॅस बनवणाऱ्या कंपनीच्या, इंटरनेटवर उघड्या असलेल्या नॅसना असंच गाठलं. २०२१ च्या जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या यंत्रांचं तर जगभर कुणीतरी लांबूनच फॅक्टरी रीसेट केलं. लोक उठून बघतात तो डिस्क रिकाम्या. त्या मॉडेलचे अपडेट २०१५ मध्येच थांबले होते, यंत्रं मात्र बिचारी चालूच होती. म्हणून घेताना विचारा, या मॉडेलला अपडेट कधीपर्यंत मिळणार? बाहेरून पोहोचायचं असेल तर व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची कुलूपबंद खासगी वाट, वापरा. राउटरमधलं यूपीएनपी आजच बंद करा.

[ग्राफिक: १ गिगाबिट = सेकंदाला १२५ एमबी, प्रत्यक्षात सुमारे ११०]

आता वेग. जाहिरातीत प्रोसेसर, एनव्हीएमई कॅश (वारंवार लागणाऱ्या डेटासाठी बसवलेली जलद चिप) असलं बरंच काही असतं. पण ऑफिसची वायरिंग साध्या गिगाबिटची असेल, तर मोठी फाइल उघडताना सेकंदाला ११० एमबीच्या आसपास गाडी थांबते, आणि तेवढं एक साधी हार्ड डिस्कही देते. मग कॅशचे पैसे कशाला? त्यापेक्षा २.५ गिगाबिटचं पोर्ट, म्हणजे नेटवर्क केबलचं सॉकेट, असलेला नॅस आणि तसाच स्विच (ज्यात सगळ्यांच्या केबल येतात तो डबा) घ्या. कॅट ५ई ही नेहमीची नेटवर्क केबल नीट टाकलेली असेल तर बहुधा तीच चालते आणि वेग अडीचपट होतो, अर्थात समोरच्या संगणकातही तसं पोर्ट हवं. दोन केबल लावल्या की दुप्पट वेग, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. चार जणांना त्याचा फायदा होतो, एकट्या माणसाची एक फाइल तेवढ्याच वेगाने जाते. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांचं वेगळं. त्यांनी १० गिगाबिटचाच विचार करावा.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा नॅसवर ठेवणार असाल, तर ते बनवणाऱ्यांना आधी विचारा. काहींना ते चालतं, काहींना सर्व्हरच लागतो. वायफायवरून तर असल्या फायली उघडूच नका. आणि त्यांचा बॅकअप त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या सोयीनेही घ्या, कारण उघड्या डेटाबेसचा स्नॅपशॉट अर्धवट व्यवहाराच्या मधोमध पडू शकतो.

डिस्क घेताना सीएमआर आहे ना, हे बघा. तिच्यात ट्रॅक, म्हणजे डेटा लिहिलेल्या रेघा, शेजारी-शेजारी असतात. एसएमआर प्रकारात ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे सलग बरंच लिहायला लागलं की त्या ढेपाळतात, आणि संच पुन्हा बांधताना नेमकं तेच करावं लागतं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' मालिकेतल्या काही डिस्क, म्हणजे लाल हं, मगाचं रेड नव्हे, गाजावाजा न करता एसएमआर झाल्याचं बाहेर आलं आणि नॅसवाले भडकले. आता त्यांची रेड प्लस ही मालिका सीएमआर असते. डेस्कटॉपची डिस्क नॅसमध्ये घालू नका. एखादा भाग वाचता आला नाही तर ती बराच वेळ खटपट करत बसते, आणि नॅस तिला मेलेली समजून संचाबाहेर काढू शकतो. कुठल्या डिस्क चालतात ही यादीही आधी तपासा. सिनॉलॉजी या नॅस बनवणाऱ्या कंपनीने २०२५ मध्ये आपल्या नव्या प्लस मॉडेलांत स्वतःच्या शिक्क्याच्या डिस्कचा आग्रह धरला होता, ओरड झाल्यावर त्याच वर्षी तो सैल केला.

यूपीएस घ्याच, आणि त्याची यूएसबी केबल नॅसला लावा, म्हणजे बॅटरी संपायच्या आत नॅस स्वतःहून नीट बंद होईल.

आता तो मागे ठेवलेला प्रश्न. आजचा डेटा मोजा, वर्षाला किती वाढतो ते बघा, चार वर्षांची वाढ त्यात धरा, आणि स्नॅपशॉटसाठी वर थोडी मोकळी जागा ठेवा. कागदपत्रं, बिलं, ड्रॉइंग एवढंच असेल, तर बऱ्याच छोट्या ऑफिसांना दोन खण आणि रेड १ पुरतं. गणित एका डिस्कच्या बाहेर जात असेल तर चार खण आणि रेड ६ किंवा १०. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग मात्र याच नॅसवर टाकू नका, ते रात्रंदिवस डिस्क घासत राहतं.

नॅस आला की लगेच डेटा ओतू नका. आधी त्याच्याशी खेळा. चार नकली फोल्डर टाका, चालू असताना एक डिस्क बाहेर ओढा. ईमेलवर, फोनवर इशारा आला का? नसेल आला तर तिथेच थांबून दुरुस्त करा. जोडीतली एक डिस्क महिन्यांपूर्वीच गेलेली आणि कुणाला पत्ताच नाही, मग दुसरीही गेली, अशाने डेटा जातो. इशारा दोन माणसांना जाऊ द्या, एक रजेवर असतोच.

मग फोल्डर उडवा आणि स्नॅपशॉटमधून परत आणा. मग पहिला नॅस बंद करून फक्त दुसऱ्यावरून फायली मिळवून दाखवा, घड्याळ लावून. जो वेळ लागेल तो कागदावरच्या पहिल्या आकड्याशी ताडून बघा. गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीचा किस्सा जाहीर आहे. जानेवारी २०१७ मध्ये चुकून त्यांचा चालू डेटाबेस पुसला गेला, तेव्हा कळलं की बॅकअपच्या लावून ठेवलेल्या अनेक सोयींपैकी कामाची एकही नाही. शेवटी एका इंजिनिअरने वेगळ्याच कारणासाठी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली प्रत कामी आली. तिथे सगळे संगणकातलेच लोक होते.

आणि हे करत असतानाच प्रत्येक खणावर आतल्या डिस्कचा सिरियल नंबर लिहून चिठ्ठी चिकटवा. रेड ५ मध्ये एक डिस्क आधीच गेलेली असते, घाईत कुणीतरी शेजारची चांगली डिस्क बाहेर ओढतं, आणि अख्खा संच बसतो.