फॉरवर्ड करू नका, तक्रार करा

नमस्कार. लहान मुलीवरच्या अत्याचाराचा व्हिडिओ एखाद्या ग्रुपवर येऊन पडतो. खाली ओळ असते, 'हा नराधम पकडला जाईपर्यंत शेअर करा.' पाठवणाऱ्याचं रक्त खरंच खवळलेलं असतं, त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण त्या मुलीच्या बाजूने बघा. तिची विटंबना आता आपल्या हातून घरोघरी पोहोचते आहे.

शिवाय हा गुन्हाही आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली पहिल्याच खेपेला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. असा व्हिडिओ न पुसता, न कळवता फोनमध्ये ठेवून दिला, तर त्यावरूनही पुढे पाठवण्याचा हेतू ठरवता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

मग करायचं काय? व्हिडिओ सेव्ह करू नका, स्क्रीनशॉटही नको. वहीत लिहून घ्या: ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ, लिंक असेल तर ती जशीच्या तशी. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर जा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. मुलांवरच्या आणि बलात्काराच्या अशा मजकुराबद्दल तिथे नाव न देता तक्रार करता येते. मात्र निनावी तक्रारीचं पुढे काय झालं, ते पाहता येत नाही. पाठपुरावा करायचा असेल तर नाव आणि मोबाइल नंबर द्यावा लागतो. कळवून झालं की फोनमधून पुसून टाका.

अॅपमधलं 'रिपोर्ट' बटण जरूर दाबा, पण आधी हे सगळं टिपून घ्या. त्या बटणाने तक्रार कंपनीकडे जाते, पोलिसांकडे नाही. कंपनी फार तर मजकूर काढेल, खातं बंद करेल. तो माणूस दुसऱ्या नंबरवरून पुन्हा हजर होतो.

आपल्याच मुलीचा खासगी फोटो कुणी पसरवला, तर आधी तिला बोल लावू नका. घाबरून ती गप्प बसली, तर धमकावणाऱ्याचं फावतं. 'स्टॉप एनसीआयआय' नावाची मोफत सेवा आहे, १८ वर्षांवरच्यांसाठी. फोटो फोनमध्येच राहतो. त्याचा फक्त सांकेतिक ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तोच फोटो कुणी तिथे चढवला, तर ओळखून अडवता येतो. फोटो ती १८ वर्षांच्या आत असतानाचा असेल, तर तेच काम 'टेक इट डाउन' करते. पैशांची फसवणूक असेल तर सरळ १९३० हा हेल्पलाइन नंबर लावा, जितक्या लवकर तितकं बरं.

'नसतं लचांड मागे लागेल' ही भीती मी नेहमी ऐकतो. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ मध्ये याची सोय आहे: प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही. आणि ठाण्यात 'आमच्या हद्दीत येत नाही' म्हणाले, तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेली फिर्याद, नोंदवा म्हणून सांगा. दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही पोलीस ठाण्याला घ्यावीच लागते.